कॅनडाचं स्टडी परमिट: फाइल कोणत्या क्रमाने लावायची आणि ती कुठे फसते

स्टडी परमिटचे कितीतरी अर्ज सगळी कागदपत्रं जोडूनही नाकारले जातात. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे खूण असते, पण बँक स्टेटमेंट एक सांगतं, स्पॉन्सरचं पत्र दुसरं, आणि फॉर्ममधल्या तारखा तिसरंच. अधिकारी बहुतेकांना भेटत नाही, फोनही करत नाही. त्याच्यापुढे फाइल असते, आणि त्या फाइलवरूनच निर्णय होतो. म्हणून इथे भर यादीपेक्षा क्रमावर आहे: कोणता कागद आधी मिळवायचा, कोणता त्याच्या आधारावर उभा राहतो आणि कुठे थांबून पडताळायचं.

सुरुवातीलाच एक सफाई करून घ्या. एसडीएस नावाची जलद योजना ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद झाली. जुने व्हिडिओ आणि काही एजंटांच्या छापील याद्या अजून तिच्यावरच चालतात. एखाद्या यादीत एसडीएस दिसलं की ती यादी बाजूला ठेवा, कारण त्यातली बाकीची माहितीही तितकीच जुनी असण्याची शक्यता आहे.

## १. आधी साखळी कागदावर मांडा

कागदपत्रं एकमेकांवर अवलंबून असतात. पासपोर्टवरच्या नावाने प्रवेशपत्र निघतं, प्रवेशपत्रावरून प्रांताचं पत्र निघतं, प्रवेशपत्रातल्या फीवरून किती पैसे दाखवायचे ते ठरतं, आणि या सगळ्यावरून खुलाशाचं पत्र लिहिलं जातं. फॉर्म सर्वांत शेवटी. बरेच जण नेमकं उलटं करतात. फॉर्म पहिल्या दिवशी भरतात, मग कागद जसे येतील तसे अपलोड करतात, आणि फॉर्ममधली माहिती जुनीच राहते.

एका कोऱ्या पानावर तीन रकाने आखा: कागद, तो कुणाकडून येणार, त्याची मुदत कधी संपते. तिसरा रकाना महत्त्वाचा. प्रांताच्या पत्राला मुदत असते, वैद्यकीय तपासणी १२ महिने चालते, बँक स्टेटमेंट ताजं लागतं. फार लवकर गोळा केलेले कागदही अडचण करतात.

## २. पासपोर्ट आणि नाव

परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिलं जात नाही. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि पासपोर्ट सव्वा वर्षात संपणारा असेल, तर परमिटही सव्वा वर्षाचंच मिळेल आणि पुढे तिकडे राहून मुदतवाढीचा अर्ज, त्याची फी, ते सगळं आलंच. म्हणून गरज असेल तर नूतनीकरण आधी करा आणि प्रवेशाचा अर्ज नव्या पासपोर्टवर भरा.

नावाचा घोळ आपल्याकडे जास्त होतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर आणखी एक थर. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने आणि त्याच रकान्यांत, प्रवेशाच्या अर्जापासून जीआयसीपर्यंत (राहण्याच्या खर्चासाठी कॅनडातल्या बँकेत ठेवायची ठेव) सगळीकडे लिहा. जुन्या कागदांवरची नावं बदलता येत नाहीत. त्यांच्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, आणि विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद असेल तर तीही जोडा.

तपासा: पासपोर्टचं माहितीचं पान आणि शिक्के-व्हिसा असलेली सर्व पानं स्कॅन केलीत का? जुन्या पासपोर्टवर परदेशी व्हिसे असतील तर तेही घ्या. प्रवास करून वेळेत परतल्याची ती नोंद आहे.

## ३. प्रवेशपत्र

हे पत्र फक्त मान्यताप्राप्त संस्थेचं चालतं. अशा प्रत्येक संस्थेला डीएलआय क्रमांक असतो आणि तो इंग्रजी ओ या अक्षराने सुरू होतो. शून्य समजून टाइप केला तर चुकला.

पत्र हातात आलं की लगेच वाचा. अभ्यासक्रमाचं नाव व स्तर, सुरू आणि संपण्याची तारीख, पहिल्या वर्षाची फी, नोंदणीची अंतिम तारीख आणि अटी. अटींकडे सर्रास दुर्लक्ष होतं. ‘अंतिम वर्षाचा निकाल सादर केल्यावर’ असं लिहिलं असेल आणि निकाल आलेला असेल, तर संस्थेला तो पाठवून अट काढलेलं नवं पत्र मागवा. आधी भाषेचा कोर्स पूर्ण करण्याची अट असेल तर परमिट आधी त्या कोर्सपुरतं, फार तर त्यावर एक वर्ष, इतकंच मिळतं. पुढचं परमिट नंतर वेगळं घ्यावं लागतं.

१ डिसेंबर २०२३ पासून आयआरसीसी, म्हणजे कॅनडाचं स्थलांतर खातं, प्रत्येक प्रवेशपत्र थेट संस्थेकडून पडताळून घेतं. संस्थेने १० दिवसांत होकार द्यायचा असतो. ती पुष्टी आली नाही तर अर्ज पुढे सरकत नाही. त्यामुळे एजंटने दिलेल्या पीडीएफवर विसंबू नका. संस्थेच्या विद्यार्थी पोर्टलवर स्वतः लॉगिन करा, तिथे प्रवेश दिसतो का पाहा आणि पत्र तिथूनच उतरवून घ्या.

सावधान: प्रवेश पुढच्या सत्रात ढकलला तर जुनं पत्र रद्द समजा आणि प्रांताच्या पत्राबद्दलही संस्थेला विचारा. आणि ‘आधी कुठल्याही कॉलेजातून जा, तिथे गेल्यावर बदल’ हा सल्ला ऐकू नका. ८ नोव्हेंबर २०२४ पासून संस्था बदलायची असेल तर नवं परमिट काढावं लागतं.

## ४. प्रांताचं पत्र, म्हणजे पीएएल

२२ जानेवारी २०२४ पासून बहुतेक अर्जांना प्रांताचं किंवा प्रदेशाचं साक्षांकन पत्र लागतं. दरवर्षीच्या मर्यादित जागांपैकी एक तुमच्यासाठी ठेवली आहे, असा त्याचा अर्थ. ते संस्थेमार्फत मिळतं, सहसा तुम्ही प्रवेश स्वीकारून ठरलेली रक्कम भरल्यावर. हे पत्र न जोडलेला अर्ज स्वीकारलाच जात नाही.

सूट कुणाला आहे ते नीट समजून घ्या, इथे खूप गल्लत होते. शाळेच्या, म्हणजे बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना हे पत्र लागत नाही. १ जानेवारी २०२६ पासून सरकारी संस्थेत मास्टर्स किंवा पीएचडी करणाऱ्यांनाही लागत नाही. पण कॉलेजांचे ‘पोस्ट ग्रॅज्युएट सर्टिफिकेट’ किंवा डिप्लोमा म्हणजे मास्टर्स नव्हे. नावात पोस्ट ग्रॅज्युएट आहे म्हणून सूट मिळेल असं गृहीत धरून अर्ज केला, तर तो परत येईल आणि सत्राची वेळ हातची जाईल. खासगी संस्थेतल्या मास्टर्सलाही ही सूट नाही.

क्युबेकला जाणाऱ्यांना त्या प्रांताचं स्वीकृती प्रमाणपत्र, सीएक्यू, वेगळ्या अर्जाने घ्यावं लागतं. त्याचे पैशांचे निकषही वेगळे आहेत, तेव्हा पुढच्या भागातले आकडे क्युबेकसाठी वापरू नका.

तपासा: पत्रावरचं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी जुळते का? पत्राची मुदत संपायच्या आत अर्ज दाखल होणार आहे का?

## ५. पैसे: किती, कुणाचे आणि कुठून आले

अर्ज सर्वांत जास्त इथेच अडतो, म्हणून या भागाला घाई करू नका.

किती. पहिल्या वर्षाची फी, पहिल्या वर्षाचा राहण्याचा खर्च आणि प्रवासखर्च, असे तीन भाग. क्युबेक सोडून इतर ठिकाणी राहण्याच्या खर्चापोटी एकट्या विद्यार्थ्याने २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवायचे असतात. १ सप्टेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना हा आकडा लागू झाला, त्याआधी तो २०,६३५ होता. जोडीदार सोबत येणार असेल तर २८,५०२, तिघांचं कुटुंब असेल तर ३५,०४०. हे आकडे बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या आठवड्यात आयआरसीसीच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहा.

समजा पहिल्या वर्षाची फी १८,००० डॉलर आहे आणि त्यातले ९,००० भरलेत. मग उरलेले ९,००० आणि २२,८९५ मिळून ३१,८९५ डॉलर, अधिक विमानभाडं, इतकी सोय कागदावर दिसली पाहिजे. अगदी काठावरची रक्कम ठेवू नका. चलनाचा दर दोन रुपयांनी हलला तरी हिशेब खाली येतो. तिकडे पार्ट-टाइम काम करून भागवू, हे गणित इथे चालत नाही. काम न करता खर्च निघेल हेच सिद्ध करायचं असतं.

कशाने दाखवायचे. जीआयसी, बँकेचं शैक्षणिक कर्ज, मागच्या चार महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फी भरल्याची पावती, पैसे देणाऱ्या व्यक्तीचं किंवा संस्थेचं पत्र, शिष्यवृत्तीचं पत्र. यातले एकापेक्षा जास्त मार्ग जोडता येतात. जीआयसी आता सक्तीची नाही, तरीही परवडत असेल तर घ्यावी असं माझं मत आहे. ते पैसे कॅनडातल्या बँकेत पोचलेले असतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल शंका घ्यायला फारशी जागा उरत नाही. फक्त पैसे पाठवताना बँकेचं शुल्क आणि मधल्या बँकेची कपात धरून थोडे जास्त पाठवा. प्रमाणपत्रावर २२,८७० दिसले तर अटीला पंचवीस डॉलर कमीच आहेत.

कर्ज असेल तर ‘तत्त्वतः मंजूर’ पत्र आणि अंतिम मंजुरीपत्र यांतला फरक पाहा. पत्रात विद्यार्थ्याचं नाव, संस्था, रक्कम, ती फीसाठी आहे की राहण्यासाठीही, आणि रक्कम देण्याच्या अटी स्पष्ट हव्यात.

कुठून आले. फाइल इथे फसते. चार महिन्यांचं स्टेटमेंट मागतात ते शेवटची शिल्लक पाहण्यासाठी नव्हे. पैसे खात्यात कसे जमत आले ते त्यांना पाहायचं असतं. महिना चाळीस हजार पगार असलेल्या खात्यात अर्जाच्या तीन आठवडे आधी अठरा लाख आले, तर अधिकारी साहजिकच विचारेल की हे कुणाचे. मुदतठेव मोडली असेल तर ती बंद केल्याची पावती जोडा. जमीन किंवा दागिने विकले असतील तर खरेदीखत किंवा विक्रीची पावती जोडा. मामाने दिले असतील तर मामाचं पत्र, त्याच्या खात्याचं स्टेटमेंट आणि उत्पन्नाचा पुरावा जोडा. मोठ्या प्रत्येक जमेपुढे क्रमांक टाका आणि वेगळ्या पानावर त्या क्रमांकासमोर एका ओळीत खुलासा लिहा. एवढं एक पान अधिकाऱ्याचं बरंच काम सोपं करतं.

तीच रक्कम दोनदा मोजण्याची चूकही नेहमीची. वडिलांची मुदतठेव तारण ठेवून कर्ज घेतलंय, आणि फाइलमध्ये कर्जही दाखवलंय व ठेवही मोकळी शिल्लक म्हणून दाखवलीय. ठेवीच्या पावतीवर बोजा नोंदलेला असतो, तो दिसतोच.

सीएने दिलेलं मालमत्तेचं प्रमाणपत्र म्हणजे पाठबळाचा कागद. त्यातलं घर आणि सातबाऱ्यावरची जमीन उद्या फी भरायला उपयोगी पडत नाही. जोडा, पण रोख रकमेच्या जागी नको.

स्पॉन्सरसाठी चार गोष्टी एकत्र लावा: त्याचं सहीचं पत्र, तुमच्याशी नात्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा आणि बँक स्टेटमेंट. पत्रात ‘सर्व खर्च करीन’ एवढंच लिहून भागत नाही. किती रक्कम, कशासाठी आणि कुठल्या खात्यातून, हे लिहायला सांगा. त्याच्यावर आणखी कोण अवलंबून आहे हेही यावं.

सावधान: काही दिवसांसाठी खात्यात पैसे ‘फिरवून देणारे’ लोक असतात, बनावट स्टेटमेंट करून देणारेही असतात. खोटी माहिती किंवा खोटा कागद दिल्याचं ठरलं तर कॅनडाच्या स्थलांतर कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षांची बंदी येते. कागद एजंटने बनवला, मला ठाऊक नव्हतं, हा बचाव सहसा टिकत नाही. अर्ज तुमच्या नावाचा असतो.

## ६. शिक्षण, नोकरी आणि भाषांतर

दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी, ट्रान्सक्रिप्ट, भाषेच्या परीक्षेचा निकाल आणि नोकरीची पत्रं तारखांच्या क्रमाने लावा. दोन कागदांच्या मधे सहा महिने रिकामे राहत असतील तर त्या काळात काय केलं त्याचा पुरावा शोधा. तयारीचे क्लास, घरातलं आजारपण, कौटुंबिक व्यवसाय, काहीही असो, खरं असलं की झालं. पगार रोखीने मिळत असेल तर मालकाचं पत्र आणि प्राप्तिकर विवरण यांतल्या रकमा जुळल्या पाहिजेत.

इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नसलेला प्रत्येक कागद तीन तुकड्यांत जातो: भाषांतर, भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची साक्षांकित प्रत. भाषांतर तुम्ही किंवा घरच्या माणसाने केलेलं चालत नाही. ते कितीही अचूक असो. कागदावर मराठी शिक्के असतील तर त्यांचंही भाषांतर लागतं. जन्मदाखल्यावर आणि सातबाऱ्यावर हेच हमखास राहून जातं.

## ७. खुलाशाचं पत्र

ज्याला सगळे एसओपी म्हणतात ते. विकत घेतलेली एसओपी दुसऱ्या ओळीत ओळखू येते: कॅनडाच्या निसर्गाचं कौतुक, संस्थेच्या माहितीपत्रकातली वाक्यं, आणि ‘लहानपणापासूनची आवड’. हे सगळं गाळा. दोन पानांत या प्रश्नांची उत्तरं द्या: आतापर्यंत काय शिकलात किंवा केलंत, त्यावर हाच अभ्यासक्रम का, हाच अभ्यासक्रम स्वस्तात घरी का नाही, खर्च कोण करणार, आणि तो संपल्यावर तुम्ही नेमकं काय करणार.

शेवटच्या प्रश्नावर लोक गडबडतात. मुदत संपल्यावर तुम्ही कॅनडा सोडाल याची अधिकाऱ्याला खात्री पटावी लागते. पुढे कधी कायम स्थायिक व्हावंसं वाटणं हा गुन्हा नाही, कायदा दोन्ही हेतू एकत्र मान्य करतो. पण पत्राचा गाभा अभ्यास असावा. घरी कोणती नोकरी, कोणता व्यवसाय, कोणती जबाबदारी वाट पाहते ते ठोस लिहा आणि शक्य तिथे कागद जोडा.

बी.ई. झालेला विद्यार्थी दोन वर्षांच्या डिप्लोमाला जात असेल, किंवा वाणिज्य शाखेचा पदवीधर एकदम आरोग्यसेवेकडे वळत असेल, तर तो मुद्दा पहिल्या परिच्छेदात आणा. अधिकाऱ्याला तो खटकणारच आहे, तुम्ही आधी बोललेलं बरं. जुना रिफ्यूजल असेल तर त्याचं कारण आणि त्यानंतर काय बदललं, तेही इथेच.

## ८. फॉर्म, आणि स्वतःचं खातं

आता फॉर्म. आयआरसीसीच्या संकेतस्थळावरचं अर्जाचं खातं स्वतःच्या ईमेलने उघडा. एजंटचा ईमेल दिला तर जादा कागद मागणारं पत्र त्याच्याकडे जातं आणि तुम्हाला मुदत उलटल्यावर कळतं. पैसे घेऊन तुमच्या वतीने अर्ज करण्याचा अधिकार कॅनडाचे परवानाधारक सल्लागार, तिथले वकील आणि क्युबेकचे नोटरी यांनाच आहे. अशी व्यक्ती असेल तर आयएमएम ५४७६ फॉर्ममध्ये तिचं नाव जाहीर करावं लागतं. नाव द्यायला का कू करणाऱ्याकडून फाइल परत घ्या.

आयएमएम १२९४, म्हणजे स्टडी परमिटच्या अर्जाचा मुख्य फॉर्म, पीडीएफमध्ये भरायचा असेल तर तो ब्राउझरमध्ये उघडत नाही. उतरवून घ्या, अडोब रीडरमध्ये उघडा आणि शेवटी ‘व्हॅलिडेट’ दाबा.

‘कॅनडा किंवा इतर कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का’ या प्रश्नाला फसू नका. आठ वर्षांपूर्वी अमेरिकेने नाकारलेला पर्यटक व्हिसाही यात येतो. खरं लिहिलं तर एक वाक्य खुलासा द्यावा लागेल, लपवलं तर कलम ४०.

तपासा: फॉर्ममधल्या नोकरीच्या तारखा पत्रांशी, कुटुंबाची माहिती जन्मदाखल्यांशी आणि फीचा आकडा प्रवेशपत्राशी जुळवा. हे काम तुम्ही करू नका. फाइल न पाहिलेल्या कुणालातरी द्या, ताज्या डोळ्यांना चूक लवकर दिसते.

## ९. अपलोड

एका खान्यात एकच फाइल जाते आणि तिचा आकार ४ एमबीच्या आत लागतो. म्हणून पैशांचे सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये जोडा, पहिलं पान अनुक्रमणिकेचं ठेवा. ज्यांना खाना नाही ते कागद ‘क्लायंट इन्फर्मेशन’मध्ये टाका, खुलाशाचं पत्रही तिथेच. आकार कमी करताना स्टेटमेंटचे आकडे पुसट होतात, तेव्हा अपलोडनंतर फाइल उघडून वाचून पाहा.

विद्यार्थी १७ वर्षांखालचा असेल आणि आईवडील सोबत नसतील तर आयएमएम ५६४६ हे पालकत्वाचं घोषणापत्र नोटरी करून लागतं, कॅनडात त्याची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीचं आणि इकडच्या आईवडिलांचं, दोन्ही.

शुल्क अर्जाचं १५० डॉलर, बायोमेट्रिकचं ८५ डॉलर. दोन्ही एकदमच भरा.

## १०. दाखल केल्यानंतर

बायोमेट्रिकचं पत्र आलं की ३० दिवसांत बोटांचे ठसे द्या. मागच्या १० वर्षांत कॅनडासाठी दिले असतील तर ते अजून चालतात का ते आधी पाहा. वैद्यकीय तपासणी आयआरसीसीच्या यादीतल्या डॉक्टरकडेच होते, घरच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र चालत नाही. अर्जाआधीच तपासणी करून घेतली असेल तर डॉक्टरने दिलेला कागद जोडायला विसरू नका.

नकार आला तर तीच फाइल आठवड्याभरात पुन्हा पाठवू नका. कारण वाचा. पैशांचं असेल तर पाचवा टप्पा, परतण्याचं असेल तर सातवा, असं मागे जा. नव्या अर्जात काय बदललं हे दाखवता येत नसेल तर दुसरं उत्तरही बहुधा तेच येतं.

मंजुरी आली तर जे पत्र मिळतं ते परमिट नव्हे. परमिट कॅनडात उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी छापून देतो. प्रवेशपत्र, प्रांताचं पत्र, मंजुरीचं पत्र आणि पैशांचे पुरावे हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात नको. परमिट हाती आल्यावर त्याच काउंटरवर उभं राहून नाव, जन्मतारीख, संस्था, मुदत आणि कामाच्या परवानगीची ओळ वाचा. चूक असेल तर तिथेच सांगा. बाहेर पडल्यावर तीच दुरुस्ती वेगळा अर्ज करून घ्यावी लागते.